वाकडा बसवलेला ट्रान्सफॉर्मर

मित्रांनो, मी एक जुना पॉवर ट्रान्सफॉर्मर आहे. पातळ पोलादी पत्र्यांची चवड आणि तिच्याभोवती तांब्याच्या तारेची वेटोळी, एवढाच माझा देह. भिंतीतली वीज घ्यायची आणि व्हॉल्व्हना, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांना, पेलेल अशी करून द्यायची, हे माझं काम. उमेदीची वर्षं मी एका रेडिओत काढली. तो मोडीत निघाला आणि मी भंगारवाल्याच्या टोपलीत, गंजक्या बिजागऱ्यांखाली येऊन पडलो.

तिथून मला एका लेकीने उचललं. वडिलांसाठी तिला घरीच व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प्लिफायर बांधायचा होता. बाबांचा जन्म छापखान्यात गेलेला. यंत्रांच्या खडखडाटाने त्यांच्या कानांतले बारीक स्वर गेले होते. खालच्या पट्टीतला, घुमणारा आवाज मात्र त्यांना सगळ्यांच्या आधी ऐकू यायचा. लेकीने बांधलेला पहिला अ‍ॅम्प्लिफायर तिला अगदी शांत वाटला होता. बाबा गाणं सुरू होण्याआधीच उठले. "आत कोणीतरी चक्की चालवतंय," म्हणाले, आणि त्यानंतर गाणं ऐकायला बसलेच नाहीत.

टेबलावर माझ्याशेजारी एक चकचकीत, नवाकोरा ट्रान्सफॉर्मर होता. लेकीने दोघांवर सारखाच भार टाकून दुपारभर चालू ठेवलं. मग वीज बंद करून माथ्यावर तळवा ठेवून पाहिला. नव्यावरचा हात तिने चटकन काढला. माझ्यावर तो टिकला. माझी निवड झाली, पण जीव भांड्यात पडला नाही. गुणगुणणं आमच्या हाडातच असतं. बाबा पुन्हा उठले, तर माझी टोपली ठरलेली होती.

सगळे भाग ज्यावर बसवायचे, तो अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा एकच होता. भोक पडलं की पडलं. त्याच पत्र्यावर, स्पीकरला आवाज पोचवणारा एक धाकटा ट्रान्सफॉर्मर आधीच बसला होता. माझ्यातून न दिसणारं चुंबकी बळ सांडतं. ते त्याच्या तारेत शिरलं की स्पीकर घरघरतो. लेकीने मला कडेशी समांतर ठेवून पेन्सिलीने खुणा केल्या. ड्रिल उचललं, आणि थांबली.

"बाबा, जरा इकडे या. तुमचे कान हवेत."

"कान? तेच तर नाहीत माझ्याकडे."

तिने धाकट्याच्या तारांना हेडफोन जोडून बाबांच्या कानांवर चढवला आणि फक्त मला वीज दिली. बाबांचं तोंड कडू झालं.

"आहे. तीच चक्की."

लेक लाकडी पट्टीने मला हळूहळू वळवू लागली. दारातून आई म्हणाली, "माझ्या हाका ऐकू येत नाहीत, याची कुजबुज बरी येते."

"काय म्हणाली ही?"

"काही नाही. तुम्ही ऐका."

काटकोनात वळलो. घरघर कमी झाली, गेली नाही. मला घाम फुटत असता तर तेव्हा फुटला असता. बाबांनी डोळे मिटले.

"अजून. अजून थोडं... पुढे गेलीस, मागे घे. हां. गेली."

तिथेच, रबरी चकत्यांवर, मला बोल्टने आवळलं. फोटोत एकट्यानेच मान फिरवावी तसा मी तिरका दिसतो. त्या संध्याकाळी बाबा गाणं संपेपर्यंत बसले, आणि तबकडीची दुसरी बाजू लावा म्हणाले.

पुढे पाहुणे उजळलेल्या व्हॉल्व्हचं कौतुक करत; मला कोण विचारतो? एकदा कोणीतरी माझ्यावर वर्तमानपत्रांची चळत ठेवली. मी तापत गेलो. जळका वास आला, तेव्हा कुठे लेक धावली.

मग एक दिवस अ‍ॅम्प्लिफायरला लाकडी पेटी करायला सुतार आला. लेक कामावर, बाबा खुर्चीत पेंगलेले. त्याने माझ्या नटावर पाना लावला.

"वहिनी, हा तिरका बसलाय. सरळ करून देतो, दोन मिनिटांचं काम."

नट किंचित सरकला. बाबांना उठवायला माझ्याकडे आवाज नव्हता.

"हात लावू नका त्याला," आई म्हणाली. "चुकून नाही बसलेला. यांच्या कानाने बसवलाय."

"पण पेटीत वाईट दिसेल हो."

"दिसू दे. आम्हाला ऐकायचंय."

तिने त्याच्याकडून तो नट पुन्हा आवळून घेतला.

मित्रांनो, माझ्यासारख्यांच्या माथ्यावर थोडी मोकळी हवा राहू द्या. आणि एखादी वस्तू वाकडी दिसली, तर सरळ करण्याआधी घरात विचारा, ती तशी कोणासाठी ठेवली आहे. माझ्या नटावर पान्याचा ओरखडा अजून आहे. दारात कोणी हत्यारांची पिशवी घेऊन आलं, की मी आधी आई घरात आहे ना, ते बघतो.