बोरींच्या टेकाडाची फाईल

नीळकंठ देशकरांच्या टेबलावर कागद मुक्कामाला राहत नसे. सकाळी आलेली फाईल संध्याकाळी शेरा घेऊन चालती व्हायची. छप्पन साली राज्यांची फेररचना झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि तिथलं सचिवालय कपाटांसकट भोपाळला आलं. कपाटांबरोबर देशकरही आले. सरकारने त्यांना फर्निचरातच धरलं असावं.

परत जायची एक वाट होती. मुंबई राज्य त्यांना नागपूरला घ्यायला तयार होतं. फक्त टेबलावर एकही प्रकरण प्रलंबित नाही असा दाखला हवा होता. देशकरांना हसूच आलं. त्यांच्या बायकोने, नलिनीने, त्याच दिवशी ट्रंका खाली काढल्या.

उरली होती एकच फाईल. क्वार्टर्समागचं बोरींचं टेकाड सपाट करून मोठ्या साहेबांसाठी बॅडमिंटन कोर्ट करायचं होतं. देशकरांनी सहीला टाक उचलला आणि त्यांना नलिनीला आलेलं पत्र आठवलं.

नलिनी इंटर सायन्स झालेली. टेकाडावरच्या एका फुलपाखराचं चित्र काढून तिने मुंबईच्या एका संग्रहालयाला पाठवलं होतं. उत्तर आलं, हे नामशेष झालं असं आम्ही समजत होतो. ते बोरीच्याच झुडपांवर अंडी घालतं, झुडपं गेली की तेही गेलं. जेवताना तिने ते पत्र तीनदा वाचून दाखवलं. भोपाळला आल्यापासून तिचा चेहरा इतका खुललेला देशकरांनी पाहिला नव्हता.

त्यांनी सही न करता, फुलपाखरासाठी टेकाड राखावं असं टिपण लिहून संबंधित खात्यांना पाठवलं. वनखात्याने कळवलं, आमच्याकडे वन्य प्राणी चार पायांपासून सुरू होतात. शेतीखात्याने विचारलं, कीटकनाशक किती पोती पाठवायचं?

साहेबांनी बोलावून घेतलं. "नीलकंठजी, तितली की भी कोई फाइल होती है? दस्तखत कीजिए और गाड़ी पकड़िए."

मग देशकरांनी ती विद्या हाती घेतली, जिला ते जन्मभर नाक मुरडत आले होते. जमिनीचा नकाशा नवाबाच्या काळातला, उर्दूत होता. त्यांनी भाषांतर मागवलं. भाषांतर आल्यावर ते साक्षांकित करून मागितलं. साक्षांकित झाल्यावर फेरमोजणी सुचवली. असे अकरा महिने काढले. शेवटी साहेबांची बदली झाली. नवे साहेब पत्ते खेळणारे निघाले, त्यांना कोर्ट नकोच होतं. प्रस्ताव रद्द झाला.

दरम्यान नागपूरची जागा शेजारच्या खोलीतल्या विश्वासला मिळाली. त्याच्याकडे कुणी कधी काम सोपवतच नसे, त्यामुळे प्रलंबित काहीच नव्हतं. देशकरांच्या गोपनीय अहवालात शेरा पडला, 'कामात अत्यंत संथ'.

घरी इतके महिने 'एक फाईल अडकली आहे' एवढंच सांगत आले होते, आता त्यांनी नलिनीला सगळं सांगितलं. आवाजात थोडी ऐटही होती.

नलिनी भाजी निवडत होती. तिचा हात थांबला. "म्हणजे आपण जाणार नाही?"

"पण तुझं फुलपाखरू वाचलं."

"अहो, इथे बोलायला कुणी नव्हतं, म्हणून मी ते बघत बसायचे. नागपूरला आई होती, ताई होती. तिथे मला कशाला लागलं असतं फुलपाखरू?" तिचे डोळे भरून आले. जरा वेळाने तिने विचारलं, "तुम्ही तरी कधी पाहिलंत का ते?"

देशकरांनी पाहिलं नव्हतं. त्याच्यावर त्यांनी चाळीस पानं लिहिली होती, पण टेकाडावर एकदाही गेले नव्हते. त्यांना स्वतःची भयंकर लाज वाटली.

रविवारी नलिनी त्यांना घेऊन गेली. बराच वेळ काहीच दिसलं नाही. मग बोरीच्या पानावर नखाएवढं काहीतरी तपकिरी येऊन बसलं, पंख उघडले तेव्हा निळं दिसलं, आणि उडून गेलं.

"एवढंसंच?" देशकर म्हणाले.

"एवढंसंच," नलिनी म्हणाली, आणि दगडावर सरकून तिने त्यांना बसायला जागा करून दिली.