पंचवीसशे वीस दाणे

शामकलेने तांदूळ तिसऱ्यांदा मोजले. पंचवीसशे वीस. एकही कमी नको, एकही जास्त नको. मागच्या साली एका दाण्यापायी कवडूच्या आईला दगड मारून हाकललं होतं आणि ती बिचारी जंगलात मेली.

चिचगडच्या पलीकडची ही दहा घरांची टोली. देश स्वतंत्र होऊन आठ वर्षं झाली, पण पोर तापाने गेलं की इथे अजून भगतालाच बोलावणं जाई. या वेळी भैय्यालालचं पोर गेलं होतं. भगत बायांना ओळीत बसवी आणि पाटलाघरचे मूठभर तांदूळ एकेक दाणा करून त्यांच्या ओटीत टाकत फिरे. फेरा पुरा होऊन दाणे संपले तर सगळ्या सुटल्या. मधेच संपले तर शेवटचा दाणा जिच्या ओटीत, ती टोनही, पोर खाणारी चेटकीण. काय पण न्याय!

शामकला पाटलाची सून, तांदूळ देणं तिच्याकडे. ओळीत किती बाया बसवायच्या ही भगताची लहर; कधी सहा, कधी नऊ, फार तर दहा, कारण घरटी एकच बाई आणि घरंच दहा. म्हणून तिला अशी संख्या हवी होती, की दहापर्यंत कशानेही भागा, बाकी उरू नये. बाप देवरीचा दुकानदार, पाढे त्याने घोकून घेतलेले. चूल फुंकता फुंकता तिने जुळवलं. आठात दोन आणि चार आले, नवात तीन. दोन-तीन आले की सहा आलेच, पाच घेतले की दहाही आले. राहिले सात. नऊ आठे बहात्तर, सात पाचा पस्तीस, दोन्हींचा गुणाकार पंचवीसशे वीस.

सकाळी मोहाच्या झाडाखाली तिने भगताच्या हाती पुरचुंडी दिली.

"दहाच्या दहा बसा," भगत म्हणाला. मग त्याची नजर प्रेमिलेवर गेली. ही शामकलेची नणंद, सातव्या महिन्याची, कालच बाळंतपणाला माहेरी आलेली. "हे कोन? इलेही बसवा. पाहुनी पयली."

शामकलेने ओळ मोजली. अकरा! अकराचा तिने विचारच केला नव्हता. अकरा दोनशे वेळा, बावीसशे. उरले तीनशे वीस. अकरा एकोणतीस वेळा, तीनशे एकोणीस. उरला एक. आणि तो एक पहिलीच्या ओटीत.

सांगायचं तरी कुणाला? दाणे मोजून दिले म्हटलं तर सगळी टोली अंगावर येईल, आणि पुढच्या वेळी भगत तांदूळ स्वतःच आणील. पुरचुंडी त्याच्या मुठीत होती. प्रेमिला पोटावर हात ठेवून ओळीच्या टोकाला निघाली.

"थांब!" शामकला ओरडली. "पाटलाची सून मी हाय. पयली मी बसीन. मान माझा."

"बाई वं, अठीही मान पायजे इले!" सासू नंदाबाई सगळ्यांदेखत बोलली. भगताने मान डोलावली. प्रेमिला रुसून शेवटी जाऊन बसली.

शामकलेने पदर पसरला. पहिला दाणा पडला आणि भगत पुढे सरकला. चूक होऊ नये म्हणून तिने तीनदा मोजलं होतं. आता ती देवाला एवढंच मागत होती, की मी कुठेतरी चुकलेली असू दे.