न तुटलेली पिन

"मिस्त्री, तुमच्या पिना म्हणजे नुसते खडू. शाळेत नेऊन द्या, पोरं फळ्यावर लिहितील," थोरला म्हणाला आणि लेथच्या शेडबाहेर बसलेली चार माणसं खो खो हसली. मिस्त्रीही हसला, पण दात दाखवण्यापुरताच.

थोरला म्हणजे दोन भावांतला मोठा. शेत दोघांचं, आवाज एकट्याचा. त्यांच्या ट्रॅक्टरमागचा रोटाव्हेटर बापाच्या वेळचा. बनवणारी कंपनी कधीच बंद पडली, सुटे भाग मिळेनासे झाले, तरी यंत्र चालत होतं ते मिस्त्रीच्या जिवावर. ट्रॅक्टरचा जोर ज्या दांड्यातून मागच्या पात्यांना जातो, त्यात बोटाएवढी एक पिन बसते. मधोमध तिला बारीक खाच. पात्यांना दगड अडला की पिन त्या खाचेवर तुटते, जोर तिथेच खुंटतो आणि गिअरपेटी वाचते. तुटणं हेच तिचं काम. बिचारीचा जन्मच दुसऱ्याच्या वाटचं मरण मरायला.

"पिन तुटते म्हणून पेटी शाबूत आहे तुमची," मिस्त्री म्हणाला.

"ते मला नका शिकवू. पेरणीजोगा वाफसा आज आहे, उद्या नाही. घडीघडी खाली उतरून पिनाच बदलत बसायचं का? जमत नसेल तर तसं सांगा. खालच्या आळीत नवा लेथ आलाय म्हणतात."

हे मात्र वर्मी लागलं. कारागिराला शिवी द्या, तो गिळेल. दुसऱ्या कारागिराचं नाव त्याला गिळता येत नाही. मिस्त्रीने भंगारातून मोडक्या एक्सलचा तुकडा उचलला. ते पोलाद असलं चिवट की लेथ सारखा कुरकुरत होता. पिन निघाली मात्र देखणी. शेवटी खाच पाडायची वेळ आली आणि त्याचा हात थांबला. त्याला सगळं माहीत होतं. अज्ञानाचं पांघरूण इथे त्याच्या कामाचं नव्हतं. पण बाहेर ती चार माणसं अजून बसलेली होती. त्याने खाच पाडलीच नाही.

"घ्या," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "ही तुटली तर लेथ विकून टाकतो."

थोरल्याने संध्याकाळी स्वतःच्या हाताने ती बसवली.

पिन तुटली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी गिअरपेटी तुटली.

निरोप आला तसा मिस्त्री शेतावर धावला. ऊन रणरणत होतं. जमीन वरून भुसभुशीत, खाली ओलसर, अगदी बी मागत असल्यासारखी. तिच्यात पेटीतलं तेल झिरपत चाललं होतं. पेटीला आरपार तडा, आतल्या गिअरचे दात पडलेले. ट्रॅक्टर धाकटा भाऊ चालवत होता. आता तो गाल धरून बांधाशी उभा होता आणि मजूर पायाखाली बघत होते, त्यावरून काय झालं ते मिस्त्रीला विचारावं लागलं नाही.

"एवढा दगड दिसला नाही आंधळ्याला," थोरला ओरडत होता. "उद्यापासून ट्रॅक्टरला हात लावायचा नाही. आणि मिस्त्री, हे बघा. पेटीचा चुराडा झाला, पण तुमच्या पिनेला ओरखडा नाही. काम असावं तर असं."

त्याने पिन मिस्त्रीच्या हातात ठेवली. ती अजून गरम होती. बोलायची वेळ हीच होती. मिस्त्रीने पिन खिशात घातली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात. इथे तर चोराला शाबासकीही मिळाली. धाकट्याने किल्ली मुकाट्याने सीटवर ठेवली आणि तो बांधाबांधाने निघून गेला.

शेडवर परत येतो तर गावातले दोन शेतकरी वाट बघत उभे. "तसली न तुटणारी पिन आम्हालाही पाहिजे." मिस्त्री त्यांच्या अंगावर असा खेकसला की ते गांगरून गेले.

घरी बायकोने ताट वाढलं. मिस्त्री घास नुसताच चिवडत बसला. खाई त्याला खवखवे.

"धाकट्याची बायको नळावर भेटली," ती म्हणाली. "रडत होती. ज्या घरात आपला हातच वाईट ठरला तिथे राहायचं कशाला, असं म्हणतोय म्हणे तो. सकाळी बिऱ्हाड हलवतायत. अहो, कुठे बघताय? मी बोलतेय ना."

"ऐकतोय," मिस्त्री म्हणाला आणि ताटावरून उठला.

सकाळी तो थोरल्याच्या अंगणात हजर. "धाकट्याची चूक नाही. माझी आहे. पिनेला खाच असते, ती मी पाडली नाही."

थोरला हसला. "मन मोठं आहे तुमचं, मिस्त्री. पण त्याला पाठीशी घालू नका."

पालथ्या घड्यावर पाणी. मिस्त्रीने पिशवीतून खाचेची जुनी पिन काढली, अंगणातल्या लोखंडी शिकंज्यात आवळून धरली आणि हातोडा घातला. पिन कटकन तुटली.

"मग? खडूच ना?"

मिस्त्रीने दुसरी धरली, एक्सलची. हातोडा उसळून परत आला आणि शिकंज्याच्या जबड्याचा टवका उडाला.

"दगडाचा मार कुणीतरी खायचाच असतो," मिस्त्री म्हणाला. "पिनेने खाल्ला नाही, तो पेटीने खाल्ला. आणि पेटीपायी तुमच्या भावाने."

थोरला त्या टवक्याकडे बघत राहिला. "हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"होतं."

"मग केलंत कशाला?"

"तुम्ही खडू म्हणालात. चारजण हसले."

"एवढ्यासाठी?"

"एवढ्यासाठीच. पेटी मी सांधून देतो, गिअरही पाडून देतो. पण ही पेरणी भाड्याच्या यंत्रावर करावी लागेल."

"पेटीचं सोडा हो." थोरला ओट्यावर मटकन बसला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खाली आला होता. "मजुरांसमोर थोबाडीत मारली मी त्याच्या. ती कशी सांधायची?"

धाकटा गाठोडं घेऊन दारात उभा होता. त्याने सगळं ऐकलं होतं. थोरला उठला, भावाकडे न बघताच त्याच्या हातातलं गाठोडं घेतलं आणि आत नेऊन ठेवलं. धाकट्याने ते ठेवू दिलं.

मग तो मिस्त्रीजवळ आला. रागावला नव्हता तो, आणि तेच अवघड होतं.

"दगड दिसला होता मला, मिस्त्री," तो म्हणाला. "पण म्हटलं, मिस्त्रीची पिन आहे, वेळेवर तुटेल. ती कधी दगा देत नाही."

यानेही एक थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं, असं मिस्त्रीला वाटलं.