पाठकोरं पाकीट

हमीदचाचांच्या बोटांना खळीचा वास असतो. मैद्याची शिजवलेली खळ आणि कसर लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद. तो किंचित आंबट, किंचित धातूचा वास त्यांच्या सदऱ्याच्या बाह्यांत, चहाच्या पेल्यावर आणि त्यांच्याकडून बांधून आलेल्या माझ्या वह्यांतही रेंगाळतो. अंबडच्या कोर्टातली जुनी दप्तरं, वकिलांची ग्रंथसंपदा, शाळेची हजेरीपत्रकं, सगळं गेल्या कित्येक वर्षांत त्यांच्याच हातून शिवलं गेलं. चैत्रातल्या उतरत्या उन्हात, रस्त्याकडेच्या त्या अरुंद खोलीत, एक गुडघा उभा धरून ते कागदाची घडी हाडाच्या पट्टीने दाबत बसतात, तेव्हा दाढीचा शुभ्रपणा आणि कागदाचा पिवळेपणा एकाच प्रकाशात न्हाऊन निघतात. मी शेजारच्या गल्लीतला शाळामास्तर. वही घ्यायला जातो आणि तास घालवून येतो.

त्या खोलीला एक आतलं दार आहे, आणि त्या दारातून ठरावीक अंतराने एक हाक येते. “हैं क्या जी?” चाचा मान वर न करता उत्तर देतात, “यहींच हूँ.” आत खैरूनचाची असतात. त्यांच्या स्मृतीचे धागे एकेक करून उसवले. गाव गेलं, नातीगोती गेली, स्वतःचं नावही कधीकधी जातं, पण नवऱ्याचा आवाज तेवढा उरला आहे. तो वेळेवर आला नाही की त्या थरथरत उठतात आणि दाराकडे धाव घेतात. एकदा चाचा दोरा आणायला बाजारात गेले होते, तेवढ्यात त्या उंबऱ्यात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. मूलबाळ नाही. माझी बायको एक दुपार त्यांच्याजवळ बसली, तर परका आवाज ऐकून त्या लहान मुलीसारख्या रडत राहिल्या. तेव्हापासून चाचांचं जग चाचींच्या हाकेच्या टप्प्याएवढंच आहे: खोली, ओटा, समोरचा नळ, आणि वाऱ्याने हाक उडून जात नसेल तर कोपऱ्यावरची पानटपरी.

आणि या माणसाला नाद कसला, तर विमानाच्या टपालाचा! वकिलांच्या जुन्या रद्दीत त्यांना तरुणपणी एक पाकीट सापडलं होतं, निळ्या शाईचा पत्ता आणि बाजूला विमानाचं चित्र असलेला शिक्का. ते कसलं आहे, हे कळायला त्यांना काही वर्षं लागली. विमानातून माणसं नेण्याचा भरवसा नव्हता अशा काळात सरकार टपालाच्या थैल्या नेण्याचा ठेका वैमानिकांना देई. कराचीहून अहमदाबाद, मुंबई, मग मद्रास. नवा मार्ग उघडला की पहिल्याच फेरीबरोबर हौशी लोक स्वतःच्याच नावाची पाकिटं धाडत. आत मजकूर नसे. पाकिटाने जायचं, उतरल्याचा शिक्का पाठीवर घ्यायचा आणि परत घरी यायचं, एवढंच त्याचं काम. चाचा अशी पाकिटं रद्दीतून, ओळखीतून, जुन्या पुस्तकांच्या बदल्यात मिळवत गेले आणि त्यांच्यासाठी त्यांनी कापडी पाठीचा एक देखणा संग्रह बांधला. ते पाकीट दाखवताना आधी उलटं करतात. “पुढला शिक्का म्हंजी निघालो. मागला शिक्का म्हंजी पोचलो. मागला नसंल तं समदं फुकट,” हे सांगताना त्यांचा आवाज मऊ होतो.

गेल्या वर्षी संभाजीनगरहून हैदराबादेला एक नवी विमानसेवा सुरू व्हायची होती, आणि पहिल्या उड्डाणाबरोबर टपालही जाणार होतं. वर्तमानपत्रातलं ते चौकोनी कात्रण चाचांनी मला दाखवलं, तेव्हा हातातलं काम त्यांनी प्रथमच अर्धवट बाजूला ठेवलं होतं. त्यांनी स्वतःच्या हाताने एक पाकीट केलं होतं. हस्तिदंती कागद, कडा तलवारीच्या पात्यासारख्या सरळ. त्यावर हैदराबादच्या टपाल कचेरीमार्फत परत अंबडला, असा पत्ता, आणि त्याच्या वर ठसठशीत अक्षरांत स्वतःचं नाव.

“ह्या समद्यांवर दुसऱ्याचंच नाव हाय, मास्तर,” ते संग्रहावर तळवा ठेवून म्हणाले. “एक तरी माझ्या नावाचं उडालं पाह्यजे. मला तं जमत न्हाई. नाव तरी जाऊन यील.”

मी शाळेच्या कामासाठी त्या दिवशी शहरात जाणारच होतो. पाकीट वहीत ठेवताना त्यांनी मला एकच गोष्ट दोनदा बजावली. “शिक्का बराबर बसल्याबिगर पाकीट सोडू नका. जल्दी बिलकुल करू नका.”

चाचांच्या तोंडी टपाल ‘टाकणं’ नसतं, ‘सोडणं’ असतं; पाटात पाणी सोडावं तसं. हे मला ठाऊक होतं. निदान असायला हवं होतं.

टपाल कचेरीतल्या बाईंनी शिक्का इतका सुरेख उठवला की त्याच्या वर्तुळातलं चिमुकलं विमान श्वास घेतंय असं वाटावं. “थैलीत टाकू, की हातात देऊ?” त्यांनी विचारलं. मागे रांग होती. शेजारी टपालाची तागाची थैली पडली होती, तोंडापर्यंत कोंबलेली, आणि त्या कोऱ्या करकरीत कागदाकडे पाहताना माझ्या कानात चाचांचे दोनच शब्द उरले: सोडू नका. मी म्हणालो, “हातात द्या.” एस.टी.मध्ये मी वही छातीशी धरून उभा राहिलो, बसायला जागा असूनही, पाकिटाला मोड पडू नये म्हणून. इतका शहाणपणा मी आयुष्यात पुन्हा करू नये.

चाचांनी पाकीट घेतलं आणि सवयीने आधी उलटं केलं. पाठ कोरी होती. ते बराच वेळ त्या कोऱ्या कागदाकडे पाहत राहिले, जणू शिक्का उमटायला थोडा उशीर लागतोय.

“ह्ये गेलंच न्हाई, मास्तर.”

“तुम्हीच म्हणले होते ना चाचा, सोडू नका म्हणून...”

“शिक्का बसल्यावर सोडायचं व्हतं.”

मला जागच्या जागी गडप व्हावंसं वाटलं. मी घाईघाईने म्हणालो, मी उद्या पुन्हा जातो, उद्याच्या विमानाने पाठवतो. ते हसले. “उद्याचं इमान दुसरं ऱ्हातं. पहिलं एकदाच.” त्यांच्या हसण्यात राग नव्हता, आणि तेच मला सोसवेना, रागावले असते तर मी मोकळा झालो असतो. आतून हाक आली. त्यांनी उत्तर दिलं, नेहमीच्याच स्वरात, आणि पाकीट पुसून बाजूला ठेवलं. मग वहीची शिवण, दोऱ्याला मेण, सुईत दोरा. हात कामाला लागले, पण त्या दिवशी एक घडी तिरकी गेली आणि ती त्यांनी तशीच राहू दिली.

पुढे काही आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. गेलो तेव्हा त्यांनी आपणहून संग्रह पुढे केला. शेवटच्या पानावर ते पाकीट होतं. नाव वर ठेवून ते डकवता आलं असतं. मागची बाजू कोण बघायला जातं? पण त्यांनी नाव आत घेतलं होतं आणि पाठ वर ठेवली होती. मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात आभाळ असतं तसा तो रिकामा, रखरखीत चौकोन. “खोटं कशाला सांगायचं,” एवढंच ते म्हणाले.

मी त्या पानावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. बाहेर ऊन ओसरत होतं, कुणी तरी नळावर कळशी आदळत होतं, आणि समोर हा माणूस आपल्या दहा पावलांच्या जगात, हाडाची पट्टी हाती घेऊन, शांत बसला होता. गेलेल्या माणसांची आठवण येते हे मला माहीत होतं. पण जो कधी कुठे जाऊच शकला नाही, तो अगदी समोर बसलेला असताना त्याची आठवण येऊन जीव व्याकूळ होतो, हे मला त्या संध्याकाळी कळलं.