समजुतीचा कागद

पवित्रा पोलीस ठाण्यात आली ती थेट शिवरंजनीच्या टेबलाशी. बाकी टेबलांवर पुरुष होते. डावा हात पदराखाली दडवून ती तमिळमध्ये अडखळत बोलत होती. तेवढ्यात आईचा फोन आला आणि शिवरंजनी दोन शब्द घरच्या मराठीत, पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात राहिलेल्यांच्या बोलीत, बोलली.

"अक्का, तुम्ही आमच्यातल्याच?" पवित्रानं मराठीतच विचारलं आणि पदर सरकवला. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी सोललेली होती. "नवऱ्यानं उकळती पेज ओतली. महिन्यात दुसऱ्यांदा. इथं बाईमाणूस बसते असं कळलं, म्हणून मेलकावेरीहून आले."

बारा वर्षांच्या नोकरीत शिवरंजनीच्या वाट्याला बायकांचीच कामं आली होती. झडत्या घ्यायच्या, रडणाऱ्यांना पाणी द्यायचं, बेवारस बाईच्या प्रेताजवळ उभं राहायचं. तपास एकही नाही. तिनं तक्रार लिहायला घेतली, तोच इन्स्पेक्टर विजयराघवांनी आत बोलावलं.

"तिचा नवरा नटराज स्वामीमलैत धातूच्या मूर्ती ओततो. साधा माणूस आहे, बाहेर येऊन बसलाय. बाईचं बाईला कळतं, अम्मा. समजूत घाला."

"सर, भाजलंय तिला."

"मग काय, गुन्हा नोंदवून संसार मोडता?"

शिवरंजनी बाहेर आली. यापुढे हात उचलणार नाही, असा समजुतीचा कागद तिनं स्वतः लिहून त्यावर नटराजची सही घेतली. पवित्राची सही घेताना म्हणाली, "घाबरू नको, मी आहे ना." एवढं बोलायला तिला कुणी सांगितलं नव्हतं.

अकराव्या दिवशी सरकारी दवाखान्यातून निरोप आला. भाजलेली बाई आहे, जबाबाला महिला पोलीस पाठवा. पवित्राची मान आणि अर्धा चेहरा पट्ट्यांत गुंडाळलेला होता.

"कुणी केलं, सांग. या वेळी मी नोंदवते," शिवरंजनी मराठीत म्हणाली.

पवित्रानं उत्तर तमिळमध्ये दिलं. "चुलीवर पडले. तसंच लिहा, मॅडम."

"खरं सांग गं."

"खरं सांगितलं होतं. तुम्ही मला त्याच्याच गाडीवर बसवून दिलंत."

जबाब जसाच्या तसा लिहावा लागला. चार दिवसांनी पवित्रा दवाखान्यातच वारली. शिवरंजनीनं पहिल्या तक्रारीची सगळी हकिगत, कुणी काय सांगितलं ते धरून, वरिष्ठांना लिहून कळवली. चौकशी झाली. टेबल तिचं, कागदावरचं अक्षर तिचं, म्हणून ठपका तिच्या एकटीवर आला. विजयराघव जागेवरच राहिले. नटराज पुन्हा आपल्या कामाला लागला. शिवरंजनीची बदली तिरुवलंचुळीला, देवळातल्या बायकांच्या रांगेच्या बंदोबस्तावर झाली.

तिच्या टेबलावर कविता नावाची नवी पोरगी आली. सामान न्यायला गेलेल्या शिवरंजनीनं तिला सांगितलं, "बाई आली की आधी तक्रार नोंदव. आतून हाक आली तरी उठू नकोस."

कवितानं आतल्या दाराकडे पाहिलं. "तुम्ही नोंदवली होती, अक्का?"

"नाही," शिवरंजनी म्हणाली.