भावाची पिशवी

रुख्मिणीच्या घरात नवी वस्तू वापरायला आणत नसत, जपायला आणत. मिक्सर खोक्यात असायचा आणि चटणी पाट्यावर वाटली जायची. प्लास्टिकच्या खुर्च्यांवरची पन्नी पाहुण्यांनी बसून बसून फाडली तेवढीच. घरच्या कोणी तिला नख लावलं नव्हतं. शिरपूरच्या अलीकडच्या त्या गावात यावरून तिची चेष्टा व्हायची. चेष्टा करणाऱ्यांच्या घरी तरी काय वेगळं होतं म्हणा! कष्टानं घेतलेली वस्तू एकदा खराब झाली की पुन्हा कोण आणून देतो?

या जपलेल्या वस्तूंत एक पिशवी होती. खाकी कॅनव्हासची, खांद्याला अडकवायची. ती हरीओमची. हरीओम म्हणजे रुख्मिणीचा थोरला. ठेकेदाराकडे विजेच्या लाइनवर कामाला होता. दोन वर्षांमागे गावातल्या ग्यानबाच्या शेतात मोटरची लाइन जोडताना, बंद समजलेल्या तारेला त्याचा हात लागला आणि तो खांबावरच गेला. पिशवी खांबाखाली राहिली होती. कोणीतरी मोटारसायकलवरून ती घरी आणून दिली. रुख्मिणीनं तिचं तोंड सुतळीनं बांधलं, खुंटीला टांगली आणि हात लावाल तर याद राखा म्हणून सगळ्यांना बजावलं. तिचा नवरा जगदेव तेव्हापासून त्या भिंतीकडे पाठ करून जेवत असे.

आता धाकटी निकिता वायरमनचं आयटीआय करून बाहेर पडली होती. भाऊ विजेनं गेला आणि ही विजेच्याच मागे लागली म्हणून लोकांनी कपाळाला हात लावला. पण तिला राग होता. भाऊ कसा मेला हे तिला समजून घ्यायचं होतं, आणि वर्गात बसल्यावर ते नीट समजलं. समजल्यावर राग कमी झाला असं मात्र नाही.

मालेगावचे पुंजाजी मिस्तरी घरांच्या फिटिंगची कामं घेत. त्यांनी तिला सोमवारपासून शिकाऊ म्हणून यायला सांगितलं. अट एकच घातली.

"पिशवी सोताची आनजो, पोरी. दुसऱ्याची चालत नाही. अंधारात हात घातला तं पक्कड कुठी अन् टेस्टर कुठी, हे हाताले कळलं पायजे."

इथं माय अडून बसली. "हऱ्याची पिशवी नेशीन तं जाय. नाही तं घरीच राह्य."

"कायले पन, माय?"

"तो तुह्यासंग राहीन."

निकिताला त्या पिशवीची भीती वाटायची. सकाळ-संध्याकाळ भावाचं मरण खांद्यावर घेऊन कसं फिरायचं? पण कामाला तर जायचंच होतं. घरी बसली की चार महिन्यांत स्थळं येणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिनं बापाकडे पाहिलं. जगदेव म्हणाला, "तुही माय म्हनीन तसं," आणि शेताकडे निघून गेला. घरात तंटा नको म्हणून त्या माणसानं जन्मभर असंच काढलं.

शेवटी मायलेकींत तडजोड झाली. पिशवी मालेगावला न्यायची, संघदीपच्या हत्यारांच्या दुकानात दाखवायची. तो मजबूत म्हणाला तर हीच. नाही म्हणाला तर नवी. दोघी शिरपूरला येऊन एसटीत बसल्या. सगळा रस्ता मायनं पिशवी मांडीवर धरली होती.

संघदीपच्या दुकानात पिशव्या वरून टांगलेल्या होत्या. निकिताची नजर एका निळ्या पिशवीवर गेली. आत भरपूर कप्पे, बूड टणक, पट्टा रुंद. तिनं हात घालून पाहिला आणि तिला एकदम बरं वाटलं. ते वाटलं म्हणून लगेच वाईटही वाटलं.

"हे पाह्य, बापू," मायनं जुनी पिशवी काउंटरवर ठेवली. "चालंन ना अजून?"

"खाली करून पाहा लागीन, मावशी. बूड पाहतो."

मायनं स्वतःच्या हातानं सुतळी सोडली. संघदीपनं एकेक वस्तू काढली. मुठीला काळी टेप गुंडाळलेली पक्कड. टेस्टर. पाना. संत्र्याच्या गोळ्यांची पुडी, उन्हानं वितळून कागदाला चिकटलेली. सगळ्यात खाली एक प्लास्टिकचं पाकीट निघालं. आत रबरी हातमोजे, घडी जशीच्या तशी, वरची स्टेपलरची पिनसुद्धा न काढलेली.

"हे तं फोडलेच नाही!" संघदीप सहज बोलून गेला. "लाइनवरचेच हायेत. चांगल्यापैकी."

मायनं हात पुढे करून ते घेतलं. निकितानं ते पाकीट ओळखलं होतं. म्हशीच्या दुधाच्या पैशातून मायनंच ते मोजे हरीओमला घेऊन दिले होते. आणि अंगणात, निकितादेखत, म्हटलं होतं, "नवे हायेत, जपून ठिवजो. बारक्या कामाले जुनेच घालत जाय." जुन्यांना भोकं पडली होती. पोरगा मायचा शब्द मोडणारा नव्हता, तेवढंच त्याचं चुकलं.

ठेकेदार काही धुतल्या तांदळाचा नव्हता. तार बंद आहे की नाही हे पाहणं त्याचं काम होतं, ते त्यानं केलं नाही. दोन वर्षं माय त्याला शिव्याशाप देत होती आणि त्या आधारावर उभी होती.

माय पाकीट घेऊन दुकानाबाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसली. निकिता मागोमाग आली.

"तू शिकली हायेस," माय म्हणाली. "खरं सांग. हे घातले असते तं वाचला असता काय तो?"

मोटरची लाइन, चारशे चाळीस व्होल्टची. धड मोजे हातात असते तर हरीओम खाली उतरला असता, शिव्या दिल्या असत्या आणि घरी येऊन जेवला असता. निकिताला हे पुरतं ठाऊक होतं.

"नाई, माय. एवढ्या करंटले हातमोजे काय करतीन?"

मायच्या खांद्यांवरचं काहीतरी उतरलं. तिनं पदरानं तोंड पुसलं. निकिताला वाटलं, आपण शहाणपणा केला. पण माय विचार करत होती. पाकीट तिनं दोनदा उलटंपालटं केलं.

"मंग तुह्या हातात मोजे असले तरी तुले काय होईन?"

"माय..."

"शिकून, मोजे घालून बी मानूस मरत असंन, तं तुले कायच्या भरोशावर धाडू मी?" ती उठली. "चाल घरी. नाही कराचं हे काम. एक देल्ला, तेवढा बस झाला."

ती चालायलाही लागली. निकिता बाकड्यापाशी उभीच राहिली. मायच्या मागे गेलं तर आयुष्यभर त्या भिंतीसमोर बसायचं होतं. पुढे जायचं तर जन्मदात्या आईला स्वतःच्या तोंडानं खरं सांगायचं होतं. तिला मायची दया आली, स्वतःची लाज वाटली, आणि तरीही ती बोलली.

"वाचला असता."

माय थांबली.

"मोज्यानं वाचला असता, माय. मघाशी मी खोटं बोलली."

रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला. तो दिसेनासा होईपर्यंत माय पाठमोरीच उभी होती.

"म्याच म्हनलं होतं त्याले," ती म्हणाली.

"हाव."

"तुले माहीत होतं?"

"हाव."

मायनं वळून तिच्याकडे पाहिलं. रडणं नव्हतं. इतकी वर्षं जिला लेकरू म्हणून पाहिलं, तिच्याकडे ती परक्या बाईकडे पाहावं तशी पाहत होती.

"जाय. तुले पायजे ते पिशवी घे," ती म्हणाली. "सोमवारी जाय कामाले."

निकितानं भावाच्या वस्तू परत जुन्या पिशवीत भरल्या, निळी पिशवी घेतली, स्वतःसाठी नवे हातमोजे घेतले आणि दुकानातच घालून पाहिले. ती स्टँडवर आली तेव्हा माय एसटीत जाऊन बसली होती. शेजारची जागा रिकामी होती. निकिता तिथं बसायला गेली, तेव्हा मायनं उठून तिला आत खिडकीकडे जाऊ दिलं आणि स्वतः पुढे, अनोळखी बायांमध्ये जाऊन बसली.