आठ खांबांवरचा गोठा

मित्रांनो, मी एक जुना गोठा आहे. जुना आहे हे मला मान्य आहे. मोडकळीला आलो आहे, हे मात्र मुळीच मान्य नाही. मला आठ लाकडी खांब आहेत, वर पत्रे आहेत आणि भिंत एकही नाही. मला कोणा कारागिराने बांधलेले नाही. एका शिवणकाम करणाऱ्या बाईने आणि तिच्या सासऱ्यांनी मला घरच्या घरी उभे केले.

बाईच्या दोन गायी शेजाऱ्याच्या पडवीत असत. एके दिवशी शेजाऱ्याने पडवी रिकामी करून मागितली. पावसाळा महिन्यावर आला होता आणि नवरा ट्रक घेऊन लांबच्या फेरीवर गेला होता. बाई मिस्त्रीकडे गेली.

"दोन महिने मला मान वर करायला फुरसत नाही," मिस्त्री म्हणाला.

"मग मीच बांधते."

मिस्त्री पोट धरून हसला. "अहो बाई, हे काय झबलं आहे? चुकलं तर उसवून परत शिवता येत नाही!"

घरी येऊन बाईने शिलाई मशीनवर झाकण घातले आणि गळ्यात टेप तशीच ठेवून पहार उचलली.

आठही खड्डे तिने स्वतः खणले. जमीन मुरमाड होती. दुसऱ्याच दिवशी तळहात फोडांनी भरले. तिने हातांना चिंध्या गुंडाळल्या, पण कंबरभर खोल झाल्याशिवाय एकही खड्डा सोडला नाही. समोरासमोरच्या कोपऱ्यांत तिरकी टेप धरून तिने मापे घेतली. दोन्ही मापे सारखी आली, तेव्हाच तिला चौकोन पटला. मग खांबाच्या वरच्या टोकाखाली शिडी सरकवत सरकवत तिने एकेक खांब उभा करून खड्ड्यात उतरवला.

सासऱ्यांनी जन्मभर घड्याळे दुरुस्त केली होती. जड उचलणे त्यांना झेपत नव्हते. ते खुर्ची टाकून ओळंबा धरून बसत आणि खांब सरळ आहे का ते पाहत. सहाव्या खांबाभोवती दगडमाती ठोकून झाली आणि ते म्हणाले, "सूनबाई, हा अर्धं बोट बाहेर झुकलाय."

"मामंजी, अर्ध्या बोटानं काय होतंय? गायीच तर बांधायच्यात."

"घड्याळात केसभर चुकलं तरी वेळ चुकते. पुढं तुझं तू बघ."

बाई मातीच्या ढिगावर बसली आणि तिला रडू फुटले. मग तिने पदराने तोंड पुसले, "उसवते!" म्हणाली आणि ठोकलेली माती पुन्हा खणू लागली. त्या दिवसापासून तो खांब माझ्या आठांत सर्वांत सरळ आहे.

खांबांवर तिने पत्रे चढवले आणि पाऊस यायच्या आदल्या दिवशी गायी माझ्याखाली आल्या. येणारेजाणारे मला "बाईचा मांडव" म्हणून चिडवत. मी ऐकून घेतले. उभे राहण्याचे काम तेवढे सोडले नाही.

तिसऱ्या वर्षी भर दुपारी वादळ आले. माझे सहा पत्रे उडाले. शेजाऱ्याची विटांची भिंत आडवी झाली. मी करकरलो, हललो, पण एकाही खांबाने जागा सोडली नाही. माझ्याखाली दोन्ही गायी सुखरूप होत्या.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आला. त्याने एका खांबाला खांदा लावून जोर दिला. मग दुसऱ्याला.

"खड्डे किती खोल घेतलेत?"

"माझ्या कमरेएवढे."

मिस्त्रीने टोपी काढली. "मग कसला पडतोय हा! बाई, पत्रे मी चढवून देतो."

"चढवते मी. तुम्ही शिडी धरा," बाई म्हणाली. आणि मिस्त्रीने खरोखरच शिडी धरली.

आता सासरे नाहीत. बाईचे गुडघे थकले, गायी विकल्या गेल्या. माझ्याखाली मोडक्या सायकली, रिकामे डबे आणि फाटक्या गाद्या साठल्या आहेत. पत्र्यांवर वेल चढला आहे. परवा बाईचा मुलगा कुणाला तरी म्हणाला, "जुनाट झालाय, पाडून टाकू." खिडकीतून बाईचा आवाज आला, "आधी नीट बघ तरी त्याच्याकडे!" मुलाने बघितले नाही.

मित्रांनो, तुम्ही तरी बघा. माझ्या कोपऱ्यातल्या खांबाच्या बुडाशी ओली माती साचली आहे, ती खरवडून काढा. वेल तोडा. पत्र्यांचे ढिले झालेले स्क्रू आवळा. मला हार नको, कौतुकही नको. एक सकाळ पुरे. तेवढी दिली नाहीत, तरी मी इतक्यात पडणार नाही. पण पुढे कधी पडलो, तर "जुना होता म्हणून पडला" असे सांगू नका. कोणी बघितले नाही म्हणून पडला, असे खरे खरे सांगा.